हिमनग हरवला की चित्रच आलं नाही? उपग्रहावरून माग काढताना या चुका टाळा

ए23ए हा हिमनग 1986 साली अंटार्क्टिकाच्या फिल्श्नर आइस शेल्फपासून (किनाऱ्याला जोडलेला, समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर) सुटला आणि वेडेल समुद्रात तळाला टेकून तीस वर्षांहून जास्त काळ तिथेच बसून राहिला. 2020 च्या सुमारास तो हलू लागला. 2024 मध्ये साउथ ऑर्कनी बेटांच्या उत्तरेला अडकला, डिसेंबरात सुटला, मार्च 2025 मध्ये साउथ जॉर्जियाजवळ पुन्हा टेकला आणि मग त्याचे मोठमोठे तुकडे पडत गेले. कॉपर्निकस ब्राउझर आणि नासाचं वर्ल्डव्ह्यू फुकट असल्यामुळे हा सगळा प्रवास घरबसल्या बघता येतो. अडचण एवढीच की हौशी मंडळी ज्याला हिमनगाचं वागणं समजतात, ते पुष्कळदा उपग्रहाचं वागणं असतं.

“परवा होता, आज गायब”

ही सगळ्यात नेहमीची तक्रार. युरोपच्या सेंटिनेल-1 उपग्रहांचं रडार ढगातून आणि ध्रुवीय रात्रीतही बघतं हे खरं, पण ते सगळीकडे सारखं बघत नाही. किनाऱ्याजवळ आणि समुद्री बर्फाच्या पट्ट्यात ते 400 किलोमीटर रुंदीचे पट्टे टिपतं. खुल्या महासागरावर मात्र बहुतेक वेळा ‘वेव्ह मोड’मध्ये जातं आणि 20 बाय 20 किलोमीटरचे सुटे चौकोन घेतं. हिमनग उत्तरेकडे मोकळ्या पाण्यात सरकला की तो या चौकोनांच्या मधल्या जागेत सहज सापडेनासा होतो. त्यामुळे आधी त्या तारखेला तिथे चित्र घेतलंय का ते तपासा. नसेल तर वर्ल्डव्ह्यूवर मोडिसची, म्हणजे नासाच्या उपग्रहांवरच्या साध्या प्रकाशात बघणाऱ्या उपकरणाची, चित्रं बघा. ती रोजची असतात, पण ढग आणि हिवाळ्यातला अंधार यांच्यापुढे त्यांचं काही चालत नाही. तेव्हा स्कॅटरोमीटर, म्हणजे मुळात समुद्रावरचा वारा मोजण्यासाठीचं रडार, कामी येतो. त्याचं चित्र फार भरड असतं, तरी मोठा हिमनग त्यात ठिपका म्हणून टिकून राहतो. आपल्या ओशनसॅट-2 आणि स्कॅटसॅट-1 वरही असेच स्कॅटरोमीटर होते.

जुनी मालिका काढताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सेंटिनेल-1बी डिसेंबर 2021 मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागी 1सी डिसेंबर 2024 मध्ये अवकाशात गेला. मधल्या तीन वर्षांत चित्रं विरळ आहेत. हिमनगाने त्या काळात ‘उड्या मारल्या’ असं वाटलं तर त्याचं कारण हेच. आणि एखादा ट्युटोरियल अजून सायहबवर, म्हणजे सेंटिनेलची चित्रं उतरवून घ्यायच्या जुन्या पोर्टलवर, लॉगिन करायला सांगत असेल, तर तो सोडून द्या. ते पोर्टल 2023 मध्येच बंद झालं.

पांढरा हिमनग काळा का पडला?

कोरडा, थंड हिमनग रडारमध्ये उजळ दिसतो, कारण लहरी बर्फात आत शिरून विखुरतात. उन्हाळ्यात पृष्ठभाग ओला झाला की लहरी आत शिरतच नाहीत आणि तोच हिमनग राखाडी, कधी चक्क काळा दिसतो. उजळपणाची एकच मर्यादा ठरवून आपोआप शोध घेणारी स्क्रिप्ट जानेवारीत कोलमडते ती यामुळे. मर्यादा ऋतूनुसार बदला, आणि त्याहून भरवशाचं म्हणजे कडेचा आकार जुळवा.

उलटंही घडतं. जोरदार वाऱ्याने खवळलेला समुद्र एचएच चित्रात (लहर आडवी पाठवून आडवीच टिपलेली) इतका उजळतो की हिमनग त्यात बुडून जातो. तिथे एचव्ही (आडवी पाठवून उभी टिपलेली) बघा, फरक बराच चांगला दिसतो. मात्र एचव्हीमध्ये उपपट्ट्यांच्या (ज्या अरुंद पट्ट्या जोडून रुंद पट्टा बनतो त्यांच्या) सीमेवर गोंगाटाच्या उभ्या रेघा येतात, त्यांना हिमनगाची कड समजू नका. स्नॅप या सेंटिनेलची चित्रं हाताळायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये थर्मल नॉइज (उपकरणाचा स्वतःचा गोंगाट) काढण्याची पायरी असते, ती वगळू नका.

जागचा हलत नाही म्हणजे टेकलाय?

नाही. 2024 मध्ये ए23ए कित्येक महिने जवळजवळ त्याच अक्षांश-रेखांशावर होता. फक्त मध्यबिंदू नोंदवणाऱ्याला तो तळाला टेकलेला वाटला असता. प्रत्यक्षात तो पिरी बँक या समुद्रतळावरच्या उंचवट्यावर तयार झालेल्या पाण्याच्या फिरत्या स्तंभात, टेलर कॉलममध्ये, अडकून जात्यासारखा जागच्या जागी फिरत होता, दिवसाला सुमारे 15 अंश. म्हणून मध्यबिंदूसोबत लांब अक्षाची दिशाही लिहून ठेवा. अवघ्या एका जास्तीच्या रकान्याचं काम आहे, आणि माझ्या मते हा रकाना नसलेली नोंद अर्धवटच.

आकड्यांचे घोळ

अमेरिकेचं नॅशनल आइस सेंटर हिमनगांची यादी काढतं. त्यातली लांबी-रुंदी सागरी मैलांत असते. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. तो किलोमीटर समजलात तर क्षेत्रफळ खऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरतं. शिवाय लांबी गुणिले रुंदी म्हणजे क्षेत्रफळ नव्हे, हिमनग काही आयताकार नसतात. शेवटच्या नोंदीची तारीखही प्रत्येकाची वेगळी असते, ती न बघता सगळे ठिपके एका नकाशावर मांडू नका.

वेब नकाशावर मोजलेलं क्षेत्रफळ तर विसराच. गोल पृथ्वी सपाट मांडायची त्यांची पद्धत म्हणजे मर्केटर प्रक्षेप, आणि त्यात 60 अंश दक्षिणेला ते चौपट आणि 75 अंशांवर सुमारे पंधरापट फुगतं. म्हणजे हिमनग दक्षिणेकडून उत्तरेकडे आला की न वितळताही ‘आक्रसतो’. ईपीएसजी 3031 हा ध्रुवीय प्रक्षेप घ्या. रॉस समुद्रातल्या हिमनगांसाठी तर त्याला पर्यायच नाही: रेखांश 179 वरून उणे 179 वर गेला आणि तुम्ही सरासरी काढलीत, तर हिमनग थेट पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, शून्य रेखांशावर जाऊन बसतो.

वरून दिसतं तेवढंच मोजणं

2017 मध्ये अंटार्क्टिकाच्या लार्सन सी आइस शेल्फपासून सुटलेला ए68 हिमनग सुमारे 5,800 चौरस किलोमीटरचा होता. बातम्यांमध्ये क्षेत्रफळच येत राहिलं, पण तो खालूनही झिजत होता. क्रायोसॅट-2 आणि आइससॅट-2 या बर्फाची उंची मोजणाऱ्या उपग्रहांच्या नोंदी जोडून संशोधकांनी दाखवलं, की साउथ जॉर्जियाजवळच्या तीन महिन्यांत त्याने सुमारे 152 अब्ज टन गोडं पाणी समुद्रात सोडलं. पाण्यावरची उंची मोजून तिच्यावरून जाडी काढताना बर्फाची घनता आणि वर साचलेल्या हिमाचा थर गृहीत धरावा लागतो. उंचीतली एका मीटरची चूक जाडीत आठ-दहा मीटरची होते. म्हणून उपग्रहाच्या एकाच फेरीवरून जाडी जाहीर करू नका, निदान दोन वेगवेगळ्या मार्गांवरच्या नोंदी जुळू द्या.