बारा वाजता सूर्य डोक्यावर नसतो: गच्चीवर स्वतः मोजून कसं बघायचं

लहानपणापासून ऐकत आलोय, बारा वाजले की सूर्य डोक्यावर. आमच्या नाशिकमध्ये वर्षातले दोन दिवस सोडले तर हे कधीच खरं नसतं, आणि त्या दोन दिवशीही घड्याळात बारा नाही तर साडेबारा होऊन गेलेले असतात. माझी भाची कोल्हापूरला असते, आठवीत आहे, तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली "मामा, असं नुसतं सांगू नको, दाखव." मग डिसेंबरपासून मे पर्यंत मी माझ्या गच्चीवर आणि ती तिच्या गच्चीवर असं आम्ही मोजत गेलो, आणि त्यात पृथ्वीचा कल, ऋतू, अक्षांश, भारतीय प्रमाणवेळ आणि शेवटी पृथ्वीचा घेर, एवढं सगळं एका पाईपच्या तुकड्यातून निघालं. कुठल्याही घरी करता येतं, म्हणून नीट लिहून ठेवतोय.

आधी एकच सूचना. सूर्याकडे थेट बघायचं नाही, गॉगल लावूनसुद्धा नाही, दुर्बिणीतून तर अजिबात नाही. आपल्याला फक्त जमिनीवरच्या सावलीकडे बघायचंय. मे महिन्यात टोपी आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या.

सामान आणि मांडणी

पीव्हीसी पाईपचा अर्धा मीटरपेक्षा थोडा मोठा तुकडा (प्लंबरकडे असे तुकडे पडलेले असतात), प्लायवुडची मोठी फळी, जुनी जाड लग्नपत्रिका, दोरा, एक लोखंडी नट, कार्डशीट, पेन्सिल, पट्टी, एमसील. बस.

सरळ काठी उभी करून सावलीचं टोक मोजायला गेलात तर पहिली अडचण ही येते की टोक धूसर दिसतं, नक्की कुठे संपलं ते कळतच नाही. कारण सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश आहे, त्यामुळे ५० सेंटीमीटरच्या काठीच्या सावलीची कड जवळपास अर्धा सेंटीमीटर पुसट होते. यावर उपाय सोपा आहे. पत्रिकेचा हातभर नको, तळहाताएवढा चौकोन कापा, मधोमध ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि तो पाईपच्या वरच्या टोकाला आडवा चिकटवा, म्हणजे भोक पाईपपासून चार-पाच सेंटीमीटर बाहेर येईल. आता पत्रिकेच्या सावलीत मधोमध उजेडाचा एक गोल ठिपका पडतो. तो ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमाच आहे, आंब्याच्या झाडाखाली जमिनीवर जे गोल गोल कवडसे पडतात ना, अगदी तसाच, आणि ग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. ठिपक्याचा मध्य पेन्सिलीने मिलिमीटरपर्यंत टिपता येतो.

पाईप फळीवर एमसीलने बसवताना तो भोकाच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला राहील असं बघा. मी आधी उत्तरेला ठेवला होता आणि नेमका भर दुपारी पाईपच उजेडाच्या आड आला.

मग भोकातून दोऱ्याला नट बांधून खाली सोडा, म्हणजे गवंडी वापरतात तसा ओळंबा झाला. नट हलायचा थांबला की त्याच्या बरोबर खाली, फळीवर पसरलेल्या कार्डशीटवर फुली मारा. ही आपली पायाची खूण. आणि भोकापासून फुलीपर्यंतची उंची बरोब्बर ५० सेंटीमीटर येईल असा पत्रिकेचा चौकोन वरखाली करून घ्या. ओळंब्याचा मोठा फायदा असा की पाईप जरा वाकडा बसला तरी काही बिघडत नाही, कारण आपण पाईप मोजतच नाहीये.

फळी मात्र सपाट पाहिजे. माझे पहिले चार दिवसांचे आकडे फुकट गेले ते यामुळेच. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो हे माझ्या लक्षातच नव्हतं, चालताना तो कळत नाही पण मोजमापात अर्धा-एक अंश सहज खातो. गवंड्याकडची पाणसळ मिळाली तर उत्तम, नाहीतर फळीवर गोटी ठेवा, ती जिकडे पळेल तिकडे खाली पुठ्ठ्याची घडी सरकवा, गोटी कुठेच पळेनाशी झाली की फळी सपाट.

खरी दुपार कधी होते ते शोधा

साधारण साडेअकराला सुरू करा आणि दीडपर्यंत दर पाच मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर खूण करून शेजारी वेळ लिहा. ठिपका पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जाताना दिसेल, आधी फुलीच्या जवळ येतो, मग लांब जातो. सगळ्यात कमी अंतर असेल ती तुमच्या गावची खरी दुपार.

पण त्या वेळी अंतर इतकं हळू बदलतं की कमीत कमी नेमकं कधी झालं ते डोळ्याने पकडता येत नाही. यावरची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे, कात्यायन शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या दिशा ठरवायला हीच सांगितलीय, आणि अशा उभ्या काठीला जुन्या ज्योतिषग्रंथांत शंकू म्हणतात, सूर्यसिद्धान्तातला शंकू १२ अंगुळांचा आहे. युक्ती अशी: फुली मध्य धरून कंपासने एक वर्तुळ काढा. सकाळी ठिपका बाहेरून आत येताना वर्तुळाला जिथे शिवतो तिथे एक खूण, दुपारनंतर आतून बाहेर जाताना शिवतो तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. फुलीतून त्या रेषेला काटकोनात रेघ काढली की उत्तर-दक्षिण. मोबाईलमधलं होकायंत्र गच्चीवरच्या लोखंडी सळ्यांनी भरकटतं, ही रेघ भरकटत नाही. आणि दोन्ही खुणांच्या वेळांचा मध्य काढला की खरी दुपार मिळते.

नाशिक-पुण्याला मे च्या मध्यात ती १२:३१ च्या आसपास येते, मुंबईला १२:३५, नागपूरला १२:१० च्या जवळ. असं का? आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, नाशिक त्या रेषेच्या ८.७ अंश पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य आपल्याकडे जवळपास ३५ मिनिटं उशिरा माध्यान्हीला येतो. शिवाय पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल आहे आणि अक्ष कललेला आहे, त्यामुळे वर्षभरात ही वेळ आणखी मागेपुढे होते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपली दुपार १२:१८ ला होते तर फेब्रुवारीच्या मध्यात चक्क १२:४९ ला.

ठिपका वर्षभर कुठे कुठे जातो

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि याला फक्त चिकाटी लागते. दर आठवड्याला एकदा खऱ्या दुपारी ठिपक्याचं फुलीपासूनचं अंतर मोजायचं आणि तारखेसकट लिहायचं. ५० सेंटीमीटर उंचीला नाशिकमध्ये २२ डिसेंबरला हे अंतर साधारण ४७ सेंटीमीटर येतं. २१ मार्चला १८ सेंटीमीटर. मग ते झपाट्याने कमी होत २० मे च्या आसपास शून्य होतं, ठिपका बरोब्बर फुलीवर येऊन बसतो. आणि गंमत म्हणजे तो तिथे थांबत नाही, पलीकडे जातो! २१ जूनला दुपारची सावली दक्षिणेकडे पडते, तीनेक सेंटीमीटर. आपल्याकडे सूर्य कायम दक्षिणेकडूनच असतो असं ज्यांना वाटतं त्यांना हे बघून धक्का बसतो. मात्र जूनमध्ये ढगांतून तेवढं ऊन मिळालं पाहिजे.

अंतराचं अंशात रूपांतर करायला मोबाईलचा कॅल्क्युलेटर आडवा धरा, सायंटिफिक होतो. अंतर भागिले ५० करा आणि टॅन इन्व्हर्स घ्या. टॅन अजून शिकले नसाल तर कागदावर काटकोन त्रिकोण काढून कोनमापकाने मोजा, चालतं. २१ मार्चला किंवा २३ सप्टेंबरला जो कोन येईल तो म्हणजे तुमच्या गावाचा अक्षांश. नाशिकचा २० अंश. आणि डिसेंबरच्या कोनातून मार्चचा कोन वजा केला की २३.४ च्या आसपास आकडा येतो, तो पृथ्वीच्या अक्षाचा कल. पुस्तकात छापलेला आकडा आपल्या गच्चीवर आपल्या हाताने निघतो तेव्हा जे वाटतं ते मला शब्दात नीट सांगता येत नाही.

ऋतू कशामुळे होतात हेही इथेच समजतं. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, असं मोठी माणसंसुद्धा सांगतात. पण पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, नाशिकमध्ये तेव्हा लोक शेकोट्या पेटवत असतात. रात्री अंधारात टॉर्च कागदावर सरळ धरा, मग तिरका धरा. तिरका धरला की तोच उजेड जास्त जागेवर पसरतो आणि फिका होतो. गच्चीवरच्या एका फरशीला २२ डिसेंबरच्या दुपारी, २० मे च्या तुलनेत, याच कारणाने साधारण २७ टक्के ऊन कमी मिळतं, आणि दिवसही लहान असतो.

शून्य सावलीचा दिवस

सूर्य खरंच डोक्यावर येतो तो हा दिवस. तारखा गावाच्या अक्षांशावर ठरतात: पणजी २-३ मे, कोल्हापूर ६-७ मे, सोलापूर १०-११ मे, पुणे १३-१४ मे, मुंबई १५-१६ मे, छत्रपती संभाजीनगर १९-२० मे, नाशिक २० मे च्या आसपास, नागपूर २६ मे. एक-दोन दिवस चुकले तरी नाराज होऊ नका, या दिवसांत सूर्य रोज पाव अंशाच्या आसपासच सरकतो, ५० सेंटीमीटरला तो फरक दोन-अडीच मिलिमीटरचा.

फळीशेजारी स्टीलचा पेला पालथा घाला, पाण्याची बाटली ठेवा, लहान मुलांना उभं करा. खऱ्या दुपारच्या दहा मिनिटं आधीपासून बघत राहा, पेल्याची सावली त्याच्या बुडाखाली शिरत जाते आणि मिनिटभर पेला असा दिसतो की त्याला कुणी फोटोत चिकटवलंय.

दुसरी वेळ पावसाळ्यात येते, नाशिकला २३ जुलैच्या आसपास, दक्षिणेकडच्या गावांना ऑगस्टमध्ये, पण तेव्हा ढगच असतात. सूर्य डोक्यावर असूनही तेव्हा उकाडा मे सारखा नसतो तो त्याच ढगांमुळे. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे दिल्लीला, हा दिवस कधीच येत नाही. सगळा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे म्हणून आपल्याला मिळतो. मॉरिशसमध्ये राहणारे मराठी लोक विषुववृत्ताच्या पलीकडे २० अंशांवर आहेत, त्यांचा हा दिवस नोव्हेंबरच्या विशीनंतर लगेच आणि पुन्हा २० जानेवारीच्या आसपास येतो.

दोन गावं मिळून पृथ्वीचा घेर

याला उत्तर-दक्षिण रेषेवरची दोन गावं लागतात. इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये हेच केलं. सायीनला, म्हणजे आजच्या अस्वानला, ज्या दिवशी ऊन विहिरीच्या तळापर्यंत जातं त्याच दिवशी अलेक्झांड्रियाला सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग येतो, म्हणून पृथ्वीचा घेर या दोन गावांमधल्या अंतराच्या पन्नासपट. आपल्याकडे नाशिक आणि कोल्हापूर नशिबाने जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, दोघांच्या दुपारीत दोनच मिनिटांचा फरक.

हिवाळ्यातला दिवस घ्या, आकाश स्वच्छ असतं. आम्ही २२ डिसेंबरला व्हिडिओ कॉल लावून मोजलं. माझं अंतर ४७.४ सेंटीमीटर, भाचीचं ४२.०. कोन आले ४३.४७ आणि ४०.०३, फरक ३.४४ अंश. नकाशावर दोन गावांमधलं सरळ रेषेतलं अंतर ३६५ किलोमीटरच्या आसपास (रस्त्याचं अंतर घेऊ नका, ते चारशेच्या वर जातं). ३६० भागिले ३.४४ गुणिले ३६५ केलं की साधारण ३८,२०० किलोमीटर. खरा आकडा ४०,००० च्या आसपास आहे.

भाचीला ते १,८०० किलोमीटर चैन पडू देईनात. मग आम्ही हिशोब केला की या मांडणीत एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर घेर साधारण ७००-७५० किलोमीटरने हलतो, म्हणजे आमच्या दोघांच्या मिळून दोन-अडीच मिलिमीटरच्या चुकीत ते सगळं बसतं. तिने लगेच उपायही शोधला, उंची दुप्पट केली तर तेवढ्याच मिलिमीटरची चूक निम्मी होईल. एक मीटरचा पाईप तिने आणून ठेवलाय, पत्रिकेतलं भोक किती मोठं पाडायचं यावर सध्या आमची चर्चा चालू आहे.