कॉकनी यमकबोली: उकलायची कशी, वापरायची कशी

लंडनच्या ईस्ट एंडमधली ही बोली आपल्या ‘चहाबिहा’सारखी नाही. आपल्याकडे मूळ शब्द जागेवर असतो आणि यमक त्याच्यामागून येतं. इथे मूळ शब्दच गायब असतो आणि बरेचदा यमक जुळवणारा शब्दही. ऐकणारा गडबडतो तो त्यामुळेच.

‘फोन’ घ्या. त्याला यमक ‘बोन’, म्हणून ‘डॉग अँड बोन’. आता ‘बोन’ गाळा, उरला ‘डॉग’. ‘शीज ऑन द डॉग’ म्हणजे ती फोनवर आहे. कुत्र्याचा काही संबंध नाही.

कानावर पडलेलं उलगडायचं असेल तर उलटं यायचं. ‘यूज युअर लोफ’ ऐकलं, तर आधी लोफचा नेहमीचा जोडीदार आठवा: लोफ ऑफ ब्रेड. मग ब्रेडशी जुळणारा आणि वाक्यात बसणारा शब्द शोधा: हेड. डोकं चालव! नुसत्या यमकावर विसंबू नका, कारण ‘ब्राउन ब्रेड’मध्ये त्याच ब्रेडचा अर्थ ‘डेड’ होतो.

शेपूट कधी तोडायचं याला नियम नाही. ‘लुक’साठी ‘बुचर्स हुक’, पण बोलताना ‘हॅव अ बुचर्स’ एवढंच. पूर्ण म्हटलंत तर पुस्तकातून पाठ केल्यासारखं वाटतं. ‘टी लीफ’ (चोर, थीफ) मात्र अख्खंच राहतं. ‘लाय’चं ‘पोर्क पाय’ झालं आणि त्याचं पुढे ‘पोर्कीज’, म्हणजे थापा. म्हणून सुटा शब्द पाठ करू नका, वाक्यासकट उचला.

आपली खरी अडचण ‘र’ची. पाच पौंडांची नोट ‘फायव्हर’, तिला म्हणतात ‘लेडी गोडायव्हा’. दहाची ‘टेनर’, ती ‘आयर्टन सेना’. आपण शेवटचा ‘र’ ठणठणीत उच्चारतो, म्हणून यमक जुळतच नाही. कॉकनी तोंडात तो गळतो: फायव्हा, टेना. यमक डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासा.

प्रसिद्ध माणसांची नावं या बोलीला फार आवडतात. ‘करी’ला ‘रुबी’ म्हणतात ते 1950च्या दशकातल्या गायिका रुबी मरे (उच्चार ‘मरी’) यांच्यावरून. नवीन शब्द घडवायचा असेल तर असंच सगळ्यांना माहीत असलेलं नाव किंवा रुळलेली शब्दजोडी घ्या. स्वतः जुळवलेली जोडी शेपूट तोडल्यावर कुणालाच ओळखू येत नाही.

छापील याद्यांवर फार भिस्त नको. जॉन कॅम्डन हॉटन यांच्या 1859च्या कोशातही या बोलीची यादी आहे. त्यातले कित्येक शब्द आता कुणी उच्चारत नाही. जिन्यासाठी ‘ॲपल्स अँड पेअर्स’ (स्टेअर्स) प्रत्येक यादीत असतं, पण आज ते बहुतेक थट्टेतच येतं.

‘ट्रबल अँड स्ट्राइफ’ म्हणजे वाइफ. दुसऱ्याच्या बायकोबद्दल वापरू नका. अमेरिकनांसाठीचं ‘सेप्टिक टँक’ (यँक) तर झोंबतंच. आणि ‘बर्क’ म्हणजे बावळट, सगळे सहज म्हणतात, पण त्यामागचं तोडलेलं यमक चारचौघांत सांगण्याजोगं नाही.