सिकलसेल, मानसिक आजार आणि दिव्यांग दाखला : या चुका टाळा

दिव्यांग दाखल्यासाठी तपासणी करणाऱ्या बोर्डातले डॉक्टर विचारतात, "आता कसं आहे?" आणि आपला माणूस सवयीनं सांगून मोकळा होतो, "आता बरं आहे जी." बस, विषय तिथेच संपतो. सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी वाकड्या होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याचा पेशंट त्या दिवशी चालत आलेला असतो, नीट बोलत असतो. मे महिन्यात तो सलाइनवर होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. न दिसणाऱ्या, कमी-जास्त होणाऱ्या आजारांचे अर्ज बहुतेक इथेच अडतात. बोर्ड तुम्हाला एकच दिवस पाहतं, आजार मात्र वर्षभर चालू असतो. ते वर्ष कागदावर दाखवायचं काम तुमचं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मानसिक आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन हे सगळे आहेत. "हातपाय तर धड आहेत" असं कोणी म्हटलं तरी मागे फिरू नका.

फक्त आजाराचा रिपोर्ट नेणे

ही सगळ्यात मोठी चूक. सोल्युबिलिटी टेस्ट ही चाळणी तपासणी आहे, तिच्यावर भागत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ततपासणीचा रिपोर्ट हवा, ज्यात एसएस की एएस हे स्पष्ट असतं. एसएस म्हणजे आजार. एएस म्हणजे वाहक, म्हणजे आई किंवा वडील एकाकडूनच दोष आलेला. नुसत्या वाहकाला दिव्यांग दाखला मिळत नाही, तिथे वेळ घालवू नका.

पण एसएस असल्याचा कागद फक्त आजार आहे एवढंच सांगतो. त्यानं तुमचं किती अडतं, हे डिस्चार्ज कार्ड सांगतं. नागपुरात एकाच पेशंटचे कागद मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांत आणि गल्लीतल्या खासगी दवाखान्यात असे विखुरलेले असतात. ते सगळे तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा : भरती किती वेळा, रक्त किती वेळा चढवलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. खुब्यात दुखत असेल तर एक्स-रे किंवा एमआरआय करून घ्या. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड खराब होतं, आणि मग चालण्यातली अडचण वेगळी मोजली जाऊ शकते. हा मुद्दा अनेकांच्या फाइलीत नसतोच.

राहिलं घरी सोसलेलं दुखणं. प्रत्येक वेळी कोणी भरती होत नाही. गोळी घेऊन, पाणी पिऊन, चादर ओढून लोक पडून राहतात. अशा दुखण्याची कुठेच नोंद राहत नाही. साधी वही करा आणि तिच्यात असं लिहा :

14 मे. दुपारपासून दोन्ही पाय आणि कंबर. गोळीनं उतरलं नाही. चार दिवस कॉलेज बुडालं. आंघोळीला आईचा हात धरावा लागला.

"खूप दुखलं" यापेक्षा "आंघोळीला हात धरावा लागला" हे वाक्य कामाचं. नुसत्या वहीला बोर्ड फार वजन देईलच असं नाही. म्हणून पुढच्या ओपीडीला ती डॉक्टरांना दाखवा आणि केसपेपरवर लिहून मागा. दुखणं उतरल्यावर ओपीडीला कशाला जायचं, असं वाटतं खरं, पण तेव्हाच जायचं. नागपूरचा उन्हाळा अंगातलं पाणी आटवतो आणि डिसेंबरची थंडीही दुखणं उठवते. या दोन मोसमांतल्या नोंदी तरी सुटू देऊ नका.

मानसिक आजारात एकटं जाणे

इथे आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण. शिवाय मागच्या दोन वर्षांत किती महिने लक्षणं होती त्याचे 4 पर्यंत गुण वेगळे. 20 पैकी 7 झाले की 40 टक्के दिव्यांगत्व. म्हणजे आजचा दिवस बरा गेला म्हणून सगळं संपत नाही. पण मागचे महिने सांगणार कोण? पेशंटला स्वतःचे वाईट दिवस नीट आठवत नाहीत, किंवा सांगायची लाज वाटते. आई, बायको, भाऊ, जे घरात राहतात त्यांना सोबत न्या.

वाढवून सांगणे

काठी लागत नसताना काठी घेऊन जाणारेही आहेत. खोटेपणानं लाभ घेतल्यास याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. शिवाय एक गोष्ट खोटी निघाली की खऱ्या नऊ गोष्टींवरचा विश्वास उडतो. "महिन्यातले वीस दिवस चालतो, दहा दिवस उठवत नाही" असं सांगा. बरे दिवस लपवायची गरज नाही.

अर्जातल्या चुका

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. आधारवर नाव एक आणि डिस्चार्ज कार्डवर दुसरं, ही अडचण मुलींच्या लग्नानंतर हमखास येते. आधीच दुरुस्त करा. प्रकार निवडताना सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. त्यानं सिकलसेलला अस्थिव्यंग टाकलं की फिरत बसावं लागतं. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते), फायब्रोमायाल्जिया (अंगभर सतत दुखणं) यांना यादीत स्वतंत्र नाव नाही, तिथे हालचालीवर किंवा इतर अवयवावर झालेला परिणाम डॉक्टरांकडून लिहून आणावा लागतो. टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका, एवढंच.

दाखला आला म्हणजे सगळं मिळालं असं धरणे

बहुतेक योजनांसाठी 40 टक्के लागतात. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणातली 5 टक्के राखीव जागा 40 टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या सर्व प्रकारांना आहे. पण सरकारी नोकरीच्या 4 टक्के आरक्षणाची यादी वेगळी आहे. त्यात मानसिक आजार आहे, सिकलसेलसह रक्ताचे आजार नाहीत. फॉर्म भरून, फी भरून मग कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. कायदा करणाऱ्यांनी हे का असं ठेवलं, हा प्रश्न विदर्भानं मोठ्यानं विचारायला हवा. संजय गांधी निराधार योजनेला दाखल्याबरोबर उत्पन्नाची अट असते, तहसीलचा उत्पन्न दाखला जुना चालत नाही. उपचारासाठी जाणाऱ्या सिकलसेल पेशंटला एसटीत आणि रेल्वेतही सवलत आहे, पण तिचे कागद वेगळे. दिव्यांग कार्ड दाखवून कंडक्टरशी वाद घालू नका, डेपोत आधी विचारून घ्या.

तारीख आणि अपील

कमी-जास्त होणाऱ्या आजारात दाखला बहुधा तात्पुरता असतो. मुदतीची तारीख मोबाइलवर टाकून ठेवा आणि ती संपायच्या दोन-तीन महिने आधी हालचाल करा, नाहीतर निराधार योजनेची पेन्शन मध्येच थांबते. टक्के कमी आले किंवा अर्ज नाकारला, तर कारण लेखी मागा. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. ते करताना जुनीच फाइल पुन्हा देऊ नका. नाकारण्याचं जे कारण दिलं असेल, नेमका त्याच मुद्द्याचा नवा कागद जोडा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का मारून घ्या.