जीडीएचा कोर्स झाला, आता पहिली नोकरी

जनरल ड्युटी असिस्टंटचा (जीडीए, म्हणजे नर्सच्या हाताखाली पेशंटची देखभाल करणारा मदतनीस) कोर्स संपला की बहुतेक जण मोठ्या हॉस्पिटलांना ऑनलाइन अर्ज पाठवून वाट पाहत बसतात. त्यापेक्षा जवळच्या वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये डॉक्टरांचा सकाळचा राऊंड आटोपल्यावर जा आणि थेट मेट्रन (नर्सिंगच्या प्रमुख) किंवा सिस्टर इनचार्जना भेटा. नाईट ड्युटी चालेल, हे आधीच सांगा. जागा बहुधा नाईट ड्युटीतच रिकामी असते.

मुलाखतीत पुस्तकी व्याख्या फारशा विचारत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस किती वेळाने बदलाल? (साधारण दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखमा होतात.) वापरलेली सुई कुठे टाकाल? पांढऱ्या डब्यात, सलाइनची नळी लाल पिशवीत, रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या. हे रंग तोंडपाठ हवेत. पेशंट पडला तर? एकट्याने उचलायचं नाही, आधी सिस्टरला हाक मारायची. इथे बरेच जण उत्साहात चुकतात.

हेपटायटिस बीची (रक्तातून पसरणाऱ्या काविळीची) लस आजच सुरू करा. तीन डोसांना सहा महिने लागतात. आणि हो, नखं कापून जा. मेट्रनची नजर आधी हातांवरच जाते.