घरशाळेसाठी लेखनाचा कोर्स घेण्याआधी

घरी शिकणाऱ्या मुलासाठी लेखनाचा कोर्स घेताय? आधी मुलाला रंकाळा तलावावर फिरवून आणा आणि घरी आल्यावर काय काय पाहिलं ते तोंडी सांगायला लावा. धडाधड सांगतंय, पण वही उघडली की अडतंय, तर अडचण विचारांची नाही, हाताची किंवा शुद्धलेखनाची आहे. अशा मुलाला निबंधाचा कोर्स देऊन उपयोग नाही. रोज चार ओळी बघून लिहिणं आणि आठवड्यातून दोनदा श्रुतलेखन, एवढं पुरे. सांगतानाच गाडी अडत असेल, तर वही सहा महिने थांबली तरी चालेल. तोवर ते बोलेल ते तुम्ही लिहून घ्या.

बहुतेक तयार कोर्स इंग्रजी लेखनाचे असतात. त्यांत स्पेलिंगवर भर असतो. मराठीत गोची होते ती ऱ्हस्व-दीर्घाची. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा एक नियम पक्का झाला तरी निम्मी लाल शाई वाचते. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात, त्यातले उतारे श्रुतलेखनाला झकास.

विकत घ्यायचाच असेल तर नमुन्याचे धडे मागवून आठवडाभर चालवून बघा. प्रत्येक धड्यात 'माझा आवडता सण' छापाचे विषय दिसले की मी तरी बंद करतो. जोतिबाच्या यात्रेत गुलालानं माखलेल्या पोराला तेच लिहू द्या की! पुढं एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून) दहावी द्यायची असेल, तर उत्तरलेखनाचा सराव तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू करा. त्याआधी घाई नको.