बेरियाट्रिकनंतर परत चढलेलं वजन: कुठून सुरुवात करायची

वजन उतरवायला पोट लहान करतात त्या बेरियाट्रिक ऑपरेशनला पाच-सात वर्षं झाली की वजन थोडंफार परत चढतं, आणि हे पुष्कळ जणांचं होतं. मी बेळगावात शहापूरला ब्लाऊज शिवते. त्यामुळे माझं वाढलेलं वजन काट्याच्या आधी टेपला कळलं. तुम्हीही वजन आठवड्यातून एकदा करा आणि बेंबीजवळून कमरेचं माप महिन्यातून एकदा वहीत लिहा. रोज काट्यावर चढून डोकं फिरवून घेऊ नका.

उपाशी राहायचं नाही, हे आधी ठरवा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांसारखं नुसतं पातळ घेतलं की पोट पुन्हा आकसतं, असे व्हिडिओ फार फिरतात. तसं काही होत नाही. काटा खाली येतो तो बराचसा पाण्याचा आणि अंगातल्या मांसाचा. जेवायला लागलात की तो परत वर.

मग जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग कापून नळीसारखं पोट ठेवणं) होतं की बायपास (पोटाची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडणं), हे त्यात असतं आणि पुढचा सल्ला त्यावरच ठरतो. ते घेऊन सर्जनकडे जा. स्लीव्ह सैल झालेली असू शकते, बायपासमधला जोड रुंदावलेला असू शकतो. एंडोस्कोपी किंवा बेरियमचा एक्स-रे काढला तर ते दिसतं. थायरॉईड, स्टिरॉइड, इन्सुलिन, मनाच्या आजारावरची काही औषधं, पाळी जाण्याचा काळ, यांनीही वजन चढतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), जीवनसत्त्व बी-12 आणि डी, कॅल्शियम आणि साखर याच वेळी तपासून घ्या. ऑपरेशन पुण्या-बेंगळुरात झालं असलं तरी रक्त इथल्या लॅबमध्ये देता येतं.

आता खाण्याचं. लहान पोटाला फसवतात ते मऊ, घसरून जाणारे पदार्थ. मटकीची उसळ नीट चावून खाल्ली तर अर्ध्या वाटीत पोट 'बास' म्हणतं. चिरमुऱ्यांचं तसं नाही. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, पुढ्यात भडंगाचा कागद, बोलता बोलता कागद रिकामा होतो आणि पोटाला पत्ताच नसतो. चहात बुडवलेलं टोस्ट, गोड पेज, आईस्क्रीम, सगळं तसंच. आणि कुंदा! आमच्याकडे मुलगा पास झाला, कुणी गाडी घेतली, पोरगी बघून गेले, की कुंद्याचा डबा आलाच. आटवलेलं दूध आणि साखर, चावायची गरजच नाही, तीन-चार चमचे कधी गेले कळत नाही. "अक्का, एवढ्यानं काय हुतंय, घे की!" हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येतं तिथं डबा ओट्यावर ठेवू नका. घरच्यांना सांगा, मी जेवल्यावर एक चमचा घेईन, मध्ये विचारू नका. बायपासवाल्यांना गोडानं धडधड, घाम, चक्कर येऊ शकते, त्यांनी तर जपूनच. गोकाकच्या करदंटात सुकामेवा असतो म्हणून तो पौष्टिक, हे बरोबर. पण त्यात गूळही भरपूर असतो.

ताटात प्रथिनं आधी. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरांकडून घ्या. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18, कोरड्या 30 ग्रॅम सोयाबीन वड्यांत 15 च्या आसपास. म्हणजे नुसत्या वरणावर भागत नाही. आधी अंडं, मासा किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर ज्वारीची अर्धी भाकरी. शेंगाच्या चटणीत प्रथिनं आहेत, पण तेल त्याहून जास्त, तेव्हा चमचाभरच. जेवताना पाणी नको, जेवणानंतरही अर्धा तास थांबा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा. त्या जन्मभराच्या आहेत, वजन चढलं म्हणून बंद होत नाहीत.

चालायला व्हॅक्सिन डेपोचं मैदान छान, पण पावसाळ्यात आपल्याकडे महिनोन्‌महिने छत्री मिटत नाही. तेव्हा घरातच खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला. वजन उतरताना मांस टिकवायचं तर हे चालण्यापेक्षा जास्त कामाचं आहे, असं माझं मत.

एवढं करूनही काटा हलला नाही तर भूक कमी करणारी सेमाग्लुटाइड, तिर्झेपटाइडची इंजेक्शनं आहेत. 2025 पासून आपल्याकडे दोन्ही मिळतात. ऑपरेशन झालेल्यांनाही ती देतात, पण महाग आहेत, मळमळ होते, आणि बंद केली की भूक परतते. मेडिकलवाल्याला विचारून घ्यायचं औषध नव्हे ते. स्लीव्हचा बायपास करून घेण्याचा मार्गही असतो, विशेषतः छातीत जळजळ फार असेल तर. दुसऱ्या ऑपरेशनला पहिल्यापेक्षा धोका जास्त, एवढं धरून चाला.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डोस बदलून घ्या, नाहीतर साखर खाली जाईल. गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, बायपासवाल्यांनी तर मुळीच नाही. जोडापाशी अल्सर होतो. सारखी उलटी, पोटात कळ, पायाला मुंग्या किंवा काळी शौच झाली तर त्याच दिवशी दाखवा. लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, पण ती गोळीमुळेच की रक्तामुळे, हे घरी बसून ठरवू नका.