ट्रू काउंट, औटकी आणि सहा कॅट पत्ते

ब्लॅकजॅकचं (डीलरविरुद्ध, २१ च्या वर न जाता त्याच्या जवळ पोहोचायचा कॅसिनोतला पत्त्यांचा खेळ) काउंटिंग, म्हणजे गेलेली पानं मोजून उरलेल्यांचा अंदाज घेणं, शिकायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की पानं मोजणं हीच खरी मारामारी असणार, पण ते महिन्याभरात जमलं. दुर्रीपासून छक्कीपर्यंत अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी सोडून द्यायची, आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का आला की उणे एक, यालाच हाय-लो म्हणतात. पूर्ण कॅट उलगडला की बेरीज शून्यावर यायला हवी, नाही आली तर कुठेतरी पान सुटलं. हा चालता आकडा म्हणजे रनिंग काउंट, तो जितका वर तितकी मोठी पानं अजून बाकी, आणि ती आपल्या फायद्याची. मी खूश. मग सहा कॅट एकत्र पिसून बसलो आणि सगळी हवा गेली.

कारण रनिंग काउंट एकटा काहीच सांगत नाही. समजा आकडा अधिक ८ आहे. पाच कॅट शिल्लक असतील तर ती ८ची जादा मोठी पानं २६० पानांत पसरलीयेत, दोनच कॅट उरले असतील तर १०४ पानांत, म्हणजे दुसऱ्या वेळी माल घट्ट आहे. म्हणून रनिंगला शिल्लक कॅटांनी भागायचं, पहिल्यात १.६, दुसऱ्यात ४. हा झाला ट्रू काउंट. ढोबळ हिशेब असा की ट्रू एकाने वाढला की साधारण अर्धा टक्का तुमच्याकडे झुकतं, आणि बेसिक स्ट्रॅटेजी (कुठल्या हाताला काय करायचं याचे ठरलेले नियम) नीट खेळलं तरी कॅसिनो साधारण अर्धा टक्का पुढे असतोच (नियमांप्रमाणे कमीजास्त), म्हणजे अधिक १ ला कशीबशी बरोबरी, खरी मजा २ पासून. एवढ्याशा फायद्यावर उड्या मारू नका, सलग हरायला होतंच.

आता माझी चूक ऐका, कारण नवीन लोक हमखास तीच करतात. डोळ्यासमोर दिसतो तो डिस्कार्ड ट्रे, वापरलेल्या पानांचा, आणि मी भागत होतो त्यानेच! दीड कॅट खेळून झालेत, रनिंग १०, मी म्हणतोय साडेसहा आणि चिंचोके ढकलतोय (हो, चिंचोकेच, इंदूरात कुठे कॅसिनो आलाय, आणि पैसे लावून खेळायचं नाही हे घरात आधीच ठरलेलं). खरं उत्तर दहा भागिले साडेचार, म्हणजे सव्वादोनच्या आसपास. ट्रे बघायचा तो सहातून वजा करायला. दुसरी चूक याहून बावळट, ट्रू काढला की पुढची पानं त्याच्यातच मिळवत जायचो. नाही, ट्रू वापरून फेकून द्यायचा आणि परत रनिंगवर यायचं.

भागाकाराने तर जीवच घेतला. साडेतीनने, अडीचने तोंडी भागायचं, तेही डीलर पानं टाकत असताना. मी बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सवाला, रामबागेतल्या घरी रविवारी पोहे-जलेबी समोर ठेवून बोटं मोजतोय, तर आजोबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "अरे, औटकी येत नाही का तुला?" औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा, त्यांच्या शाळेत पाठ करून घ्यायचे. दोनाला सात, तीनाला साडेदहा, चाराला चौदा. म्हणजे साडेतीन कॅट शिल्लक आणि रनिंग ९, तर सात पार झालेत, साडेदहा नाही, ट्रू २. भागाकार नाहीच, पाढ्यात कुठे बसतो एवढंच बघायचं! अडीच कॅटला अडीचकी, दीडला दिडकी. साडेचाराचा मराठीत नाही म्हणाले, पण त्यांच्या दुकानातले मालवी मुनीमजी ढौंचा म्हणायचे तो तोच. अर्धा कॅट उरला तर भागू नका, दुप्पट करा.

अपूर्णांकाचं काय करायचं यावर लोक भांडतात. मी खालच्या पूर्णांकावर जातो, म्हणजे अधिक बाजूला १.६ चा १, पण उणे १.५ झाला तर उणे २, उणे १ नाही. काही जण नुसता अपूर्णांक तोडतात. तुमचा चार्ट (कुठल्या ट्रूला काय खेळायचं तो तक्ता) ज्या पद्धतीने बनलाय तीच धरा, दोन्ही मिसळू नका.

आणि प्रत्येक पानाला ट्रू काढत बसायची गरज नाही. बेट लावण्याआधी काढा, आणि काय करावं कळत नाही अशा अडलेल्या हातावर. इन्शुरन्स (डीलरचा एक्का दिसला की त्याचं झाकलेलं पान दहाचं आहे यावर लावायची वेगळी बेट) ट्रू ३ पासून घ्यायचा, कारण त्याला न उघडलेल्या पानांत दहाची पानं (दश्शी, गुलाम, राणी, राजा) एक तृतीयांशाहून जास्त लागतात आणि नव्या कॅटात ती ५२ मध्ये १६च असतात. तुमच्या पानांची बेरीज १६ आणि डीलरचं दिसणारं पान दहाचं असेल तर भागायचंही नाही, रनिंग शून्याच्या वर आहे ना, मग थांबा, आणखी पान घेऊ नका. हे कळायला मला फार उशीर लागला.

पानं सतत मशीनमध्ये परत जाणारं टेबल असेल तर हे सगळं विसरा, तिथे मोजून काही उपयोग नाही.

नजरेची प्रॅक्टिस मात्र रोज करा. एक कॅट साधारण दीड सेंटिमीटर जाड, मी २६, ५२, ७८ अशा थप्प्या टेबलावर मांडून ठेवायचो आणि मधूनच कुठलीतरी कापून अंदाज सांगायचो, नंतर मोजायचो. अर्ध्या कॅटापर्यंत बरोबर आलं की पुरे. परवा आजोबांनी थप्पी नुसती तळहातावर तोलली, म्हणाले अडीच. मोजली, १२८ पानं निघाली. "दोन कुठेतरी पडली असतील, सोफ्याखाली बघ."